१७९ बळींचा हिशेब : पालवणकर बाळूंचे आकडे काय सांगतात?

जालन्याच्या विजय झोलने २०११ मध्ये एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडक स्पर्धेत महाराष्ट्राकडून खेळताना आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावांची खेळी केली. त्याआधी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर यांनी महाराष्ट्राकडूनच काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या होत्या. ४५१ हा आकडा ४४३ पेक्षा मोठा, हे शाळकरी मुलालाही कळते. तरीही भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणी क्रिकेटमधील सर्वोच्च खेळी कोणती, असा प्रश्न निघाला की निंबाळकरांचेच नाव घेतले जाते. झोलचा सामना वयोगटाच्या रकान्यात मोडतो, निंबाळकरांचा प्रथम श्रेणीच्या. विक्रमांच्या नोंदवहीत आकड्याइतकेच महत्त्व रकान्याला असते.

या उदाहरणात कोणावर अन्याय झाला, असे म्हणता येणार नाही. रकाने आधीच आखलेले होते आणि दोघांनाही ते ठाऊक होते. मात्र ज्या खेळाडूच्या ऐन उमेदीच्या काळात त्याच्यासाठी रकानाच उघडलेला नव्हता, त्याच्या आकड्यांचे काय करायचे? भारतीय क्रिकेटचा पहिला थोर गोलंदाज म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या पालवणकर बाळूंच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. बाळूंची प्रथम श्रेणीतील नोंद एका ओळीत मावते : ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१, डावात पाच किंवा अधिक बळी १७ वेळा, सर्वोत्तम कामगिरी १०३ धावांत ८ बळी. ही ओळ नीट वाचायची तर तिच्यामागचा हिशेब समजून घ्यावा लागतो.

चार रुपये पगाराचा गोलंदाज

बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाड येथे झाला. कुटुंब मूळचे कोकणातले. मूळ गावाच्या नावावरून पालवणकर हे आडनाव आले. चर्मकार समाजातील या घरातील वडील लष्करात नोकरीला होते आणि त्यामुळे मुलांचे बालपण पुण्याच्या छावणीच्या आसपास गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर बाळू आणि त्यांचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल क्रिकेट शिकले. पुढे हे चौघेही नावाजलेले खेळाडू झाले.

बाळूंचा मैदानाशी पहिला संबंध आला तो नोकर म्हणून. पुण्यातील एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडणे आणि तिच्यावर रूळ फिरवणे हे त्यांचे काम होते आणि पगार होता महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तेव्हा पगार चार रुपये झाला. सरावासाठी जाळी बांधणे, खेळपट्टीवर चुन्याच्या रेघा मारणे आणि साहेबलोकांना गोलंदाजी करणे, अशी कामे त्यांच्याकडे आली. पूना क्लबाचे नामांकित फलंदाज जे. जी. ग्रेग यांना या डावखुऱ्या मुलाच्या संथ, वळणाऱ्या चेंडूंचे मर्म कळले. ग्रेग रोज बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करीत. आपल्याला बाद केल्याबद्दल ते दर वेळी आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. शेकडो तासांच्या या सरावातून बाळूंचा टप्पा आणि दिशा यांवर विलक्षण ताबा आला. मात्र या सगळ्या काळात त्यांच्या हाती बॅट मिळाली नाही. फलंदाजी ही साहेबांची मिरास होती आणि चेंडू टाकणे हे नोकराचे काम होते.

पुण्यातील हिंदू क्लबाला गोऱ्यांशी सामना खेळायचा तर बाळूंसारखा गोलंदाज हवा होता, पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या खेळाडूला संघात घ्यावे की नाही, यावरून क्लबात मतभेद झाले. शेवटी त्यांना घेतले गेले, तेही अटींसह. मैदानावर सवर्ण खेळाडू बाळूंनी हाताळलेला चेंडू हाताळत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना मंडपाबाहेर, वापरून टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणाचे ताटही वेगळे असे. साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धच्या सामन्यात यजमानांनी बाळूंची धार बोथट करण्यासाठी खेळपट्टीवर अनेक दिवस रूळ फिरवून ठेवला होता. तरीही बाळूंनी सात गडी बाद केले आणि पुण्याच्या संघाने सामना जिंकला. या यशानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकमान्य टिळक यांनी बाळूंचे जाहीर कौतुक केले.

हे सारे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात घडले. त्या वेळी बाळू विशीच्या आसपास होते. संथ गोलंदाजाची बोटे, खांदा आणि बुद्धी यांचा मेळ बसण्याचे हेच वय. मात्र साताऱ्याच्या त्या सात बळींसह या काळातील त्यांचा एकही बळी १७९ मध्ये धरलेला नाही.

न उघडलेला रकाना

याचे कारण भारतीय क्रिकेटच्या रचनेत होते. भारतातील प्रथम श्रेणी क्रिकेटचा आरंभ ऑगस्ट १८९२ मध्ये मुंबईत झालेल्या युरोपियन विरुद्ध पारशी या सामन्यापासून मोजला जातो. पूना क्लबाच्या जाळीत बाळू गोलंदाजी करू लागले तेही याच सुमारास. मात्र पुढची तेरा-चौदा वर्षे हा रकाना मुख्यतः दोन संघांपुरता राहिला. युरोपियनांसमोर हिंदूंचा संघ या दर्जाच्या सामन्यात प्रथम उतरला तो फेब्रुवारी १९०६ मध्ये. त्यामुळे बाळूंच्या प्रथम श्रेणीतील नोंदीची पहिली तारीखही तीच आहे. त्या वेळी त्यांच्या वयाची तिशी जवळ आली होती.

शतकाच्या अखेरीस पुण्यात प्लेगची साथ पसरल्यावर बाळू मुंबईला आले होते. तेथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याने त्यांना संघात घेतले आणि पुढे रेल्वेत नोकरीही मिळाली. १९०६ च्या त्या सामन्यात हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले आणि हिंदूंनी १०९ धावांनी विजय मिळवला. संघात बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ होते. या विजयाची चर्चा क्रीडावर्तुळापुरती मर्यादित राहिली नाही. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या समाजसुधारणावादी पत्राने, जातीचा अडसर दूर सारून संघ निवडल्याबद्दल हिंदू जिमखान्याचे अभिनंदन केले.

त्यानंतरही सामन्यांची संख्या फार वाढली नाही. १९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू यांची तिरंगी स्पर्धा सुरू झाली आणि १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आल्यावर ती चौरंगी झाली. ही स्पर्धा वर्षातून एकदाच भरत असे आणि तीत एका संघाच्या वाट्याला फार तर दोन सामने येत. रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली आणि भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला. बाळूंची कारकीर्द १९२० च्या हंगामातच संपली होती. त्यामुळे पंधरा वर्षांत केवळ ३३ सामने, हा आकडा त्यांच्या काळातील भारतीय क्रिकेटच्या तुटपुंजेपणाचा आहे.

समवयस्कांच्या शेजारी

तुलनेसाठी बाळूंच्याच पिढीतील दोन इंग्लिश डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांकडे पाहता येईल. यॉर्कशायरचा विल्फ्रेड ऱ्होड्स बाळूंपेक्षा दीड वर्षाने लहान होता. बाळूंना तर ‘भारताचा ऱ्होड्स’ असेच म्हटले गेले. ऱ्होड्सचे प्रथम श्रेणीतील पदार्पण १८९८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी झाले. तो १९३० पर्यंत १,११० सामने खेळला आणि १६.७२ च्या सरासरीने त्याने ४,२०४ बळी घेतले. हा विक्रम अबाधित आहे. १९०० च्या एकाच हंगामात त्याने २६१ गडी बाद केले होते. म्हणजे बाळूंच्या साऱ्या कारकिर्दीतील नोंदलेल्या बळींपेक्षा ऱ्होड्सचा एक उन्हाळा मोठा ठरतो.

दुसरा गोलंदाज केंटचा कॉलिन ब्लाइद. त्याची कारकीर्द १८९९ ते १९१४ अशी, म्हणजे लांबीने जवळपास बाळूंच्या नोंदलेल्या कारकिर्दीइतकीच. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये तो मारला गेला. तेवढ्याच वर्षांत तो ४३९ सामने खेळला आणि १६.८१ च्या सरासरीने त्याने २,५०३ बळी मिळवले.

एकूण बळींची संख्या पाहिली तर या दोघांच्या पंक्तीत बाळूंना बसवणे वेडेपणाचे वाटेल. मात्र एकूण संख्या ही संधीवर अवलंबून असते. म्हणून प्रत्येक सामन्यामागे किती बळी, असा हिशेब केला तर चित्र बदलते. ब्लाइदचे प्रमाण सामन्यामागे ५.७०, बाळूंचे ५.४२ आणि ऱ्होड्सचे ३.७९ येते. ऱ्होड्सचे प्रमाण कमी दिसण्याचे कारण असे, की कारकिर्दीच्या मधल्या काळात तो प्रामुख्याने फलंदाज म्हणून खेळला. सरासरीचा, म्हणजे एका बळीसाठी मोजाव्या लागलेल्या धावांचा निकष लावला, तर बाळूंची १५.२१ ही सरासरी तिघांत उत्तम आहे.

या सरासरीतही दोन निरनिराळे हिशेब मिसळलेले आहेत आणि ते वेगळे करून पाहणे उद्बोधक ठरते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी प्रथम श्रेणीचे ७५ बळी २०.१२ च्या सरासरीने घेतले. म्हणजे त्यांच्या एकूण बळींपैकी जवळजवळ ४२ टक्के बळी एका परदेशी उन्हाळ्यातले आहेत. उरलेले १०४ बळी भारतातले. एकूण सरासरीवरून धावांचा हिशेब मांडला, तर या १०४ बळींची सरासरी सुमारे ११.७ एवढी येते.

हा आकडा थक्क करणारा असला, तरी तो तसाच उचलून आजच्या गोलंदाजांशी ताडून पाहणे योग्य नव्हे. त्या काळी खेळपट्ट्या झाकल्या जात नसत. पाऊस किंवा ऊन यांनुसार त्यांचा स्वभाव तासागणिक बदले आणि धावसंख्याही लहान असत. १९०६ च्या त्या ऐतिहासिक सामन्यात चारपैकी एकाही डावात अडीचशे धावा झाल्या नव्हत्या. म्हणूनच बाळूंची खरी पारख करायची, तर अनोळखी हवामानात आणि व्यावसायिक फलंदाजांसमोर झालेल्या इंग्लंड दौऱ्याकडे वळावे लागते.

एक उन्हाळा : १९११

पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली १९११ मध्ये अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची निवड धर्मवार वाटणीने झाली होती. महाराजांचा बराचसा वेळ मेजवान्या आणि भेटीगाठींत गेला आणि संघातील सर्वोत्तम फलंदाज समजले जाणारे केखशरू मिस्त्री हेही त्यांच्यासोबत राहिल्याने मोजकेच सामने खेळू शकले. एकूण २३ सामने झाले. त्यांपैकी १४ प्रथम श्रेणीचे होते. भारतीय संघाने सहा सामने जिंकले, १५ गमावले आणि दोन अनिर्णित राहिले.

हरणाऱ्या संघातील गोलंदाजाचे काम दुहेरी कठीण असते. फलंदाज पुरेशा धावा करीत नाहीत, त्यामुळे प्रतिस्पर्धी निर्धास्तपणे खेळतात आणि अनेकदा दुसऱ्या डावात गोलंदाजी करण्याची वेळच येत नाही. अशा परिस्थितीत बाळूंनी सर्व सामने मिळून १८.८४ च्या सरासरीने ११४ बळी घेतले. त्यांपैकी ७५ प्रथम श्रेणीतले आणि ३९ इतर सामन्यांतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी १०३ धावांत आठ गडी टिपले. कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी म्हणून नोंदवहीत आहे ती हीच. लेस्टरशायरविरुद्ध दोन्ही डावांत मिळून त्यांनी ११ बळी घेतले आणि भारतीय संघाला दौऱ्यातील पहिला प्रथम श्रेणीचा विजय मिळवून दिला. दुसरा विजय सॉमरसेटविरुद्धचा. तो एक गडी राखून मिळाला आणि त्यात शिवराम यांच्या नाबाद शतकाचा मोठा वाटा होता. चौदा प्रथम श्रेणी सामन्यांत भारताने हे दोनच सामने जिंकले.

त्या वेळी बाळू ३५ वर्षांचे होते. ज्या वयात ऱ्होड्स आणि ब्लाइद यांच्यामागे हजारो षटकांचा अनुभव जमा झाला होता, त्या वयात बाळूंना इंग्लंडची हिरवळ प्रथम पाहायला मिळाली.

मुंबईला परतल्यावर अस्पृश्य समाजाच्या वतीने बाळूंचा सत्कार झाला. त्या प्रसंगी मानपत्र सादर करणाऱ्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड’ या ग्रंथात नमूद केले आहे. भारतीय क्रिकेटच्या या सामाजिक इतिहासामुळे विस्मृतीत गेलेले बाळू पुन्हा चर्चेत आले.

नोंद कोण ठेवतो?

बाळूंच्या आधीच्या पिढीतील एक पारशी गोलंदाज या संदर्भात आठवतो. डॉ. मेहेल्लाशा पावरी १८८८ मध्ये पारशी संघाबरोबर इंग्लंडला गेले होते. त्या दौऱ्यातील ३१ सामन्यांत त्यांनी ११.६६ च्या सरासरीने १७० बळी घेतले. जानेवारी १८९० मध्ये मुंबईत जी. एफ. व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला पारशांनी हरवले, तेव्हाही विजयाचे शिल्पकार पावरीच होते. हे सारे १८९२ च्या आधीचे असल्याने प्रथम श्रेणीत मोडत नाही.

तरीही पावरींचे आकडे आज सहज सापडतात. पारशी समाजाकडे स्वतःचे क्लब होते, क्रिकेटची वर्णने छापणारी वृत्तपत्रे होती आणि खुद्द पावरींनी १९०१ मध्ये ‘पारसी क्रिकेट’ हे पुस्तक लिहिले. रकान्याबाहेरचा खेळ टिकला, तो लिहून ठेवणारा हात जवळ होता म्हणून. चार रुपये पगारावर खेळपट्टी सारवणाऱ्या मुलाच्या जाळीतील गोलंदाजीची नोंद ठेवण्याचे कोणालाही कारण नव्हते. पालवणकर घराण्याच्या बाजूने लिहिलेली कैफियत बरीच उशिरा, १९४८ मध्ये आली. ती म्हणजे विठ्ठल पालवणकर यांचे ‘माझे क्रीडाजीवन’ हे मराठी आत्मचरित्र.

अमेरिकेतील एक तुलना

आकडे आणि संधी यांचा हा गुंता केवळ भारतातला नाही. अमेरिकेत बेसबॉल हा आकड्यांचा खेळ मानला जातो. क्रिकेटमध्ये जे स्थान गोलंदाजाचे, ते बेसबॉलमध्ये पिचरचे. तेथे संघाच्या विजयाचे श्रेयही एका पिचरच्या नावावर लिहिले जाते. एकोणिसाव्या शतकातील पिचरांचे विक्रम आज अविश्वसनीय वाटतात. प्रॉव्हिडन्स संघाच्या चार्ल्स रॅडबर्नने १८८४ च्या एका हंगामात ५९ सामने जिंकून दिले. काही नोंदींत हा आकडा ६० असा आहे. त्यांपैकी एका विजयाचे श्रेय आधी चेंडू टाकणाऱ्या सहकाऱ्याचे की रॅडबर्नचे, यावर हा फरक पडला. १८९० ते १९११ या काळात खेळलेल्या साय यंगच्या नावावर तर ५११ विजय आहेत. त्या काळी एकच पिचर दिवसाआड पूर्ण सामना खेळे. १८९३ पूर्वी पिचर आणि फलंदाज यांच्यातील अंतरही आजच्यापेक्षा कमी होते. त्यामुळे हे आकडे मोडले जातील, अशी अपेक्षा कोणीही करीत नाही.

ज्या १८८४ मध्ये रॅडबर्नने हा विक्रम केला, त्याच वर्षी मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून वरिष्ठ स्पर्धेत खेळला होता. त्यानंतर कृष्णवर्णीयांसाठी वरिष्ठ बेसबॉलचे दार बंद झाले. ते १९४७ मध्ये जॅकी रॉबिन्सनसाठी उघडले. मधल्या काळात कृष्णवर्णीयांनी आपल्या स्वतंत्र स्पर्धा चालवल्या. त्यांना ‘निग्रो लीग’ म्हटले जाई आणि त्यांचे आकडे अधिकृत नोंदवहीत धरले जात नसत.

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉल या मध्यवर्ती संस्थेने १९२० ते १९४८ या काळातील अशा सात स्पर्धांना वरिष्ठ दर्जा दिला. जुन्या वृत्तपत्रांतील धावफलक वर्षानुवर्षे गोळा करणाऱ्या संशोधकांच्या कामाचा आधार घेऊन २०२४ मध्ये हे आकडे मुख्य नोंदवहीत समाविष्ट करण्यात आले. परिणामी जॉश गिब्सन हा सर्वोच्च फलंदाजी सरासरीचा मानकरी ठरला आणि टाय कॉब दुसऱ्या क्रमांकावर गेला. सॅचेल पेज या विख्यात पिचरच्या नावावरील विजय २८ वरून १२५ झाले. पेजने नव्याने एकही चेंडू टाकला नव्हता. जे त्याने पूर्वीच केले होते, ते मोजायला सुरुवात झाली.

भारतात असे होईल का?

बाळूंच्या बाबतीत नेमके असेच करता येणार नाही. निग्रो लीग या नियमित, हंगामवार चालणाऱ्या स्पर्धा होत्या. त्यांचे संघ, वेळापत्रके आणि धावफलक उपलब्ध होते. पुण्याच्या क्लबातील १८९० च्या दशकातील सामने मैत्रीपूर्ण लढतींच्या स्वरूपाचे होते. त्यांना आज प्रथम श्रेणीचा दर्जा देणे नियमांत बसणारे नाही. सामन्यामागे ५.४२ बळी या प्रमाणाला मनातल्या मनात शंभर-दोनशे सामन्यांनी गुणून काल्पनिक कारकीर्द उभी करणे, हेही इतिहासाला धरून होणार नाही. न घेतलेले बळी कोणाच्याही खात्यावर लिहिता येत नाहीत.

मात्र अमेरिकेच्या उदाहरणातून दुसरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. दर्जा देणे आणि नोंद ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोलच्या ४५१ धावांना प्रथम श्रेणीचा दर्जा नाही, पण म्हणून त्या कोणी पुसून टाकलेल्या नाहीत. त्या वयोगटाच्या नोंदीत धावफलकासह सुरक्षित आहेत. त्याचप्रमाणे मुंबई-पुण्याच्या तत्कालीन इंग्रजी आणि मराठी वृत्तपत्रांतून बाळूंच्या सामन्यांची वर्णने एकत्र करून स्वतंत्र नोंद तयार होऊ शकते. १९११ च्या दौऱ्यातील ३९ बळी आज याच पद्धतीने वेगळे दाखवले जातात. त्यामुळे १७९ हा आकडा बदलणार नाही. त्याच्या आधी काय होते, ते मात्र वाचकाला दिसेल.

आकड्यांपलीकडचे पद

बाळूंच्या कारकिर्दीतील एक रकाना शेवटपर्यंत रिकामा राहिला. तो कर्णधारपदाचा. १९१० पासून पुढे हिंदू संघाच्या कर्णधारपदासाठी त्यांचे नाव वारंवार सुचवले गेले आणि दर वेळी ते मागे पडले. १९२० च्या चौरंगी स्पर्धेच्या वेळी पालवणकर बंधूंना डावलल्याच्या निषेधार्थ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. त्यावरून वादळ उठल्यानंतर अंतिम सामन्यासाठी बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले. कर्णधार मैदानाबाहेर गेले असताना काही काळ संघाची सूत्रे त्यांच्या हाती आली. तोवर त्यांच्या कारकिर्दीची अखेर झाली होती. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला जे मिळाले नाही, ते धाकट्याला मिळायला आणखी तीन वर्षे जावी लागली.

पुढे बाळू सार्वजनिक जीवनात उतरले. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत त्यांचे नाव आहे. १९३७ च्या मुंबई विधिमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. ज्या तरुणाने त्यांचे मानपत्र वाचले होते, त्याच्याकडूनच ते पराभूत झाले. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

क्रिकेटच्या आकड्यांवर मराठी रसिकांचे प्रेम जुने आहे. कोणाचे किती बळी आणि कोणाच्या किती धावा, यावर चाळीच्या कठड्यावर आणि लोकलच्या डब्यात तासन् तास वाद रंगतात. त्या वादात बाळूंचे नाव क्वचितच येते, कारण १७९ ही संख्या हजारोंच्या रांगेत लहान दिसते. मात्र प्रत्येक आकड्याच्या डाव्या बाजूला एक वर्ष छापलेले असते. ऱ्होड्सच्या नावापुढे १८९८ आहे आणि बाळूंच्या नावापुढे १९०६. गोलंदाजी त्यांनी त्याआधी चौदा वर्षे सुरू केली होती. १७९ बळींचा हिशेब करताना ही चौदा वर्षेही जमेस धरली, तरच तो पुरा होतो.